बेबीनंदाचं भरलेलं बिल

वीजबिल भरणं म्हणजे काय मोठं काम, असं म्हणणाऱ्या माणसाला एकदा वाटूर फाट्यावर आणून बेबीनंदाच्या गिरणीसमोर उभं केलं पाहिजे. फार नको, मार्च महिन्यातला एक दिवस पुरे. बाईनं चार महिन्यांची चार बिलं वेळेवर भरली, फोनवर भरली, पावत्या फोनात जपून ठेवल्या, आणि पाचव्या महिन्यात लाइनमननं येऊन तिची वायर कापली. पैसेही गेले, लाइटही गेली, आणि वर जो तो तिलाच विचारू लागला की बिल का भरलं नाहीस. अशा वेळी माणसानं हसावं की कपाळ बडवून घ्यावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. बेबीनंदानं तिसरंच केलं.

फाट्यावरून परतूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आठ गाळ्यांची ओळ आहे. गाळे राधेश्यामचे. राधेश्याम जालन्याला मस्तगडात राहतो, महिन्यातून एकदा भाड्यासाठी उगवतो आणि चहा पिऊन मावळतो. नऊ वर्षांपूर्वी गाळे बांधले तेव्हा त्यानं आठही मीटर एकाच दिवशी घेतले आणि आठही स्वतःच्या नावावर ठेवले. भाडेकरूच्या नावावर मीटर गेलं की गाळाही हळूहळू तिकडंच सरकतो, अशी त्याला भीती. त्यामुळे ओळीत माणसं आठ, धंदे आठ, बिलं आठ आणि प्रत्येक बिलावर नाव एकच, राधेश्यामचं. पहिल्या गाळ्यात प्रितमचं पंक्चरचं दुकान, तिसऱ्यात बेबीनंदाची गिरणी आणि अगदी शेवटच्या आठव्यात साळूबाईचं चहाचं हॉटेल. मधल्यांशी आपल्याला कर्तव्य नाही.

बेबीनंदाचं माहेर वडीगोद्रीचं, शिक्षण नववी, वय चव्वेचाळीस. नवरा कडूबा अडीच एकर शेती बघतो. माणूस मवाळ, पण गिरणीचा आवाज त्याला सोसत नाही, दहा मिनिटं आत थांबला की डोकं धरतो. म्हणून दळण, मिरची कांडप, शेवयांचं मशीन, दगडांना टाकी मारणं, पट्टा बदलणं, गिऱ्हाइकांशी भांडणं, सगळं तीच करते. दुसऱ्यानं केलेलं काम तिला पसंत पडत नाही आणि तिनं केलेलं काम दुसऱ्यानं तपासलेलं तर मुळीच खपत नाही. कोणी म्हणालं, 'काकू, पीठ जरा जाड आलं,' तर ती पीठ चिमटीत धरून उन्हाला दाखवते आणि म्हणते, 'हे जाड? तुझ्या आईला बोलव.' आई येते, पीठ बघते आणि मुकाट घेऊन जाते. पीठ खरोखरच बारीक असतं.

पूर्वी बिल भरायला तिला दर महिन्याला तालुक्याला जावं लागायचं. गिरणी बंद, गाडीला लटकून जायचं, रांगेत उभं राहायचं, आणि आपला नंबर आला की खिडकीतला माणूस जेवायला उठायचा. हे नेमकं तिच्याच वेळी का व्हायचं ते देवाला ठाऊक. तो जेवून आला की सुट्टे मागायचा. सुट्टे आणून दिले की मशीन बंद पडायचं. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा गिरणीसमोर डब्यांची रांग आणि डब्यांपाशी तोंडं फुगवलेल्या बाया. नऊ वर्षं तिनं हे सोसलं, पण एकदाही तारीख चुकवली नाही. 'माझं बिल थकलंय असं दाखवा,' असं ती ज्याला त्याला ऐकवायची. ऐकून ऐकून ओळीतल्या माणसांचे कान किटले होते.

मग मागच्या दिवाळीत तिची भाची रूपाली आली. रूपाली संभाजीनगरला कुठल्याशा ऑफिसात नोकरीला. तिनं मावशीची ही तऱ्हा ऐकली आणि म्हणाली, 'मावशे, कामून हिंडून राह्यली एवढी? फोनवर भर की. दोन मिनिटांचं काम.' बेबीनंदानं आधी नाक मुरडलं, मग फोन पुढं केला. रूपालीनं सगळं जुळवून दिलं आणि शेवटी म्हणाली, 'आता ग्राहक नंबर सांग. बिलावर असतो तो.'

इथं एक अडचण होती. बिल भरलं की ते चुलीत घालायचं, असा बेबीनंदाचा शिरस्ता. भरलेलं बिल घरात ठेवलं की ते आणखी बिलं ओढून आणतं, असं तिचं मत. त्यामुळे नऊ वर्षांतलं एकच बिल शिल्लक होतं. गिरणीचं पहिलं. ते तिनं पुठ्ठ्यावर चिकटवून मोटारीच्या वर खिळ्याला टांगलं होतं, आणि दर खंडेनवमीला दगडांना, पट्ट्याला, मोटारीला, मेन स्विचला हळदकुंकू लावून झालं की शेवटची दोन बोटं त्या बिलाला. करंट आला म्हणून गिरणी सुरू झाली, आणि करंट आल्याचा पुरावा ते बिल. मग त्याची पूजा नको? नऊ खंडेनवम्यांचं कुंकू त्यावर साचून वाळलं होतं. रूपाली ते नखानं खरवडायला गेली तर बेबीनंदानं तिच्या हातावर चापट मारली. 'देवाचं हाय ते. सर बाजूला. मी वाचते.'

तिनं चष्मा लावला, पुठ्ठा उजेडाला धरला आणि बारा आकडे खणखणीत वाचून दाखवले. शेवटचा आकडा अर्धा कुंकवाखाली होता, पण तिला दिसला. आठ. रूपालीनं आठ टाकला. फोनवर राधेश्यामचं नाव आलं.

'नाव बराबर हाय का?' रूपालीनं विचारलं.

'बराबर. त्याच्याच नावावर हाय मीटर,' बेबीनंदा म्हणाली, आणि तिनं पहिलं बिल भरलं. फोनवर हिरवी खूण आली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्या दिवसापासून तिनं ओळीला बोलून बोलून वेड लावलं. नंबर एकदा फोनात बसला की पुन्हा टाकायचीही गरज नाही. दर महिन्याला बोट लावायचं आणि मोकळं व्हायचं. शिवाय बिलही कमी येऊ लागलं होतं. हिवाळ्यातही गिरणीचं बिल तीन हजारांखाली कधी उतरलं नव्हतं, ते अकराशे-बाराशेवर आलं. दिवाळीतच तिनं मोटारीची वायंडिंग नवी करून घेतली होती, त्याचाच हा गुण असं तिनं ठरवून टाकलं आणि वायंडिंगवाल्याला बोलावून पेढा दिला. त्या बिचाऱ्यानंही तो खाल्ला. आपल्या कामाचं कौतुक होत असताना नको कोण म्हणतं?

कागदी बिलांचा गठ्ठा पहिल्या गाळ्यात प्रितमकडं पडायचा, तो सगळ्यांना वाटायचा. बेबीनंदानं त्याला सांगून ठेवलं, 'मला कागद आणून द्यायचा न्हाई. माझं भरून झालेलं असतंय.' प्रितमला तेवढंच काम कमी. त्यानं तिची बिलं ग्रीसचे हात पुसायला घेतली. थकबाकीचे मेसेज कंपनी पाठवत होती, पण ते जायचे राधेश्यामच्या फोनवर. आठ मीटरचे मेसेज, त्यात कोणाचा कुठला हे बघायला त्याला सवड नव्हती.

असे चार महिने गेले. मार्च उजाडला, मिरचीचा हंगाम लागला. लग्नसराईची कांडपं, उन्हाळ्याच्या शेवया, गिरणीसमोर पोत्यांची आणि डब्यांची गर्दी. अशा एका सकाळी लाइनमन वसंता हातात यादी आणि पक्कड घेऊन आला आणि दारात उभा राहून खाली बघत म्हणाला, 'वहिनी, मोटार बंद करा जरा.'

'कामून?'

'चार महिन्याची बाकी हाय. वरून लिस्ट आली. काट म्हनले.'

बेबीनंदा आधी हसली. तिला वाटलं, वसंता चुकीच्या गाळ्यात शिरला. तिनं हात झटकले, फोन काढला आणि एक एक पावती त्याच्या नाकासमोर धरली. 'ही नोव्हेंबरची. ही डिसेंबर. ही जानेवारी. ही फेब्रुवारी. हिरवी खूण दिसती ना? का चष्मा देऊ माझा?'

वसंतानं चारही पावत्या बघितल्या. नाव बघितलं, रक्कम बघितली. त्याला नंबर बघायचं सुचलं नाही, आणि खरं म्हणजे तिलाही सुचलं नाही. एवढं एक काम दोघांपैकी कोणीही केलं असतं तर पुढचे दोन दिवस वाचले असते. पण माणूस पावतीवर हिरवी खूण बघतो, आकडे कोण बघतं.

'वहिनी, तुमचं बराबर असंल. पण आमच्या लिस्टीत न्हाई आलं. मी काय करू? न्हाई काटलं तर माझ्यावर येतंय.'

'अरे, पैसे गेलेत माझे.'

'कुठं गेले ते हापिसात विचारा.'

आणि त्यानं वायर कापली. अर्धी कांडलेली मिरची मशीनमध्येच राहिली. बाहेरच्या बायांनी आपापले डबे चाचपले, एकमेकींकडं बघितलं, आणि त्यातली एक हळूच दुसरीला म्हणाली, 'बिल थकलं म्हणं.' बेबीनंदाच्या कानावर ते गेलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं जे वाक्य तिनं जगाला ऐकवलं, ते उलटं होऊन तिच्याच दारात येऊन पडलं होतं.

तिनं वीज कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. एका गोड आवाजाच्या बाईनं मराठीसाठी एक दाबायला सांगितलं. तिनं दाबला. मग तक्रारीसाठी तीन, मग बिलाच्या तक्रारीसाठी दोन, मग थांबा. मग सनई. सोळा मिनिटं सनई वाजत होती. लग्न लागलं असतं तेवढ्यात. शेवटी एक माणूस आला आणि म्हणाला, 'नोंदणी केलेल्या मोबाइलवर एक आकडा गेला आहे, तो सांगा.' नोंदणी केलेला मोबाइल म्हणजे राधेश्यामचा. तिनं राधेश्यामला फोन लावला. तो कुठल्याशा लग्नात होता, मागं बँड वाजत होता.

'ताई, मैं बोला था ना, कागज पे भरो,' राधेश्याम ओरडला. त्यानं असं काहीही कधी बोललेलं नव्हतं. 'आकडा? कौनसा आकडा? रुको, चश्मा ढूंढता.'

चश्मा सापडेपर्यंत आकड्याची मुदत संपली. तिनं पुन्हा फोन लावला. पुन्हा एक, पुन्हा तीन, पुन्हा दोन, पुन्हा सनई. या खेपेला आकडा वेळेत मिळाला, तर पलीकडचा माणूस म्हणाला की आपण पैसे दुसऱ्या ॲपवरून भरले आहेत, तिकडं विचारा. तिकडं विचारलं तर ते म्हणाले, पैसे कंपनीला पोचले आहेत, कंपनीला विचारा. दोघंही खरं बोलत होते, हाच तर वैताग होता. दुपारपर्यंत तिचा घसा बसला आणि फोनची बॅटरी संपली, आणि गिरणीत लाइट नसल्यामुळे ती चार्ज करायला प्रितमच्या दुकानात जावं लागलं. तिथं प्रितमनं दात काढले. 'काकू, दोन मिनटाचं काम व्हतं ना?'

दुपारी कडूबा शेतावरून आला आणि बंद गिरणीच्या पायरीवर बसला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो रागावला नाही. रागावला असता तर तिला भांडता आलं असतं. पाणी पिऊन झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, 'हे बघ, कंपनीची गलती असंल तर माझं काई म्हननं न्हाई. पर तुझ्या हातून झालं असंल तर फोन माझ्याकडं दे. बिल, बँक, सारं मी बघत जाईन. तू आपली दळत जा.'

तू आपली दळत जा. गिरणी बंद पडल्याचं तिला जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. नऊ वर्षांत या माणसानं मेन स्विच कुठल्या बाजूला पडतो हे बघितलं नव्हतं. त्याच्या हातात फोन गेला म्हणजे उद्या मिरचीवाला त्याच्याशी बोलणार, राधेश्याम त्याच्याशी बोलणार, गिऱ्हाइकाचे पैसे त्याच्या फोनवर वाजणार, आणि आपण चक्कीत धान्य ओतायचं आणि संध्याकाळी विचारायचं, आज किती आले हो? मनात म्हणाली, गलती कंपनीचीच असणार. असलीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तालुक्याच्या ऑफिसात पोचली. पहिल्या टेबलावर सांगितलं, दुसऱ्या टेबलावर जा. दुसऱ्यावर कोणी नव्हतं, खुर्चीच्या पाठीवर फक्त रुमाल होता. तिसऱ्यावरच्या माणसानं पावतीकडं न बघताच सांगितलं, 'ऑनलाइनचं आम्हाला काही माहीत नसतं.' तेव्हा तिचा बांध फुटला. ती म्हणाली, 'साहेब, रांगेत उभं राहिले तर तुमी म्हनायचे ऑनलाइन भरा. ऑनलाइन भरलं तर म्हनून राह्यले आमाला माहीत न्हाई. मंग मी भरू तरी कुठं? खांबाला बांधून जाऊ का पैसे?'

कोपऱ्यातल्या टेबलावरच्या नीला मॅडमनी मान वर केली. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, तोंडात बडीशेप. त्यांनी तिला खुणेनं बोलावलं, फोन मागितला, पावती मोठी करून बघितली, मग आपल्या मशीनवर काहीतरी टाकलं, मग पुन्हा पावती बघितली.

'ताई, तुमचा गाळा कितवा?'

'तिसरा.'

'तुमच्या मीटरचा नंबर तीनवर संपतो. तुम्ही चार महिने भरलाय तो आठवर संपणारा. मीटर एका दिवशी घेतले ना, सगळे ओळीनं आहेत. हा आठव्या गाळ्याचा नंबर. आठव्यात कोण आहे?'

बेबीनंदा खुर्चीवर बसली. कोणी बसा म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर तो पुठ्ठा आला आणि इंग्रजी तीनच्या डाव्या अंगाला सुकलेला कुंकवाचा ठिपका, ज्यानं दोन्ही कड्या बंद करून त्याचा आठ केला होता. रूपाली खरवडत होती. आपणच चापट मारली.

'साळूबाई,' ती म्हणाली. 'चहावाली.'

'तिचं बिल तुम्ही भरलंत. तुमचं राहिलं. कंपनीचा यात काही घोळ नाही हो,' नीला मॅडम म्हणाल्या. आवाजात कुत्सितपणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. 'पैसे तिकडून इकडं वळवता येतात, पण ज्याच्या नावावर मीटर आहे त्याचा अर्ज लागतो.'

म्हणजे पुन्हा राधेश्याम. पुन्हा चश्मा. पुन्हा बँड. बेबीनंदानं हात जोडले. 'ते ऱ्हाऊ द्या. चार महिन्याचं आत्ता भरते. जोडून कधी देता?'

'उद्या सकाळी.'

कांडपासाठी नवी जाळी आणायला ठेवलेले पैसे बँकेत होते. ते तिनं तिथंच, मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून, फोनवरूनच भरले. नंबर आधी स्वतः वाचला, मग मॅडमना वाचायला लावला, मग रुमालाच्या खुर्चीवर नुकत्याच येऊन बसलेल्या माणसालाही वाचायला लावला. तो बिचारा कोण, कशासाठी, काही न विचारता वाचून गेला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून विचार करत होती. खरं म्हणजे विचार करण्यासारखं फार नव्हतं. चूक आपली आहे हे तीन जणांना माहीत होतं. एक नीला मॅडम, एक ती स्वतः आणि एक तो पुठ्ठा. नीला मॅडम काही वाटूरला येणार नव्हत्या. पुठ्ठा बोलणार नव्हता. फाट्यावर जाऊन नुसतं म्हणायचं, कंपनीचा घोळ होता, निस्तरून आले. सगळे मान डोलावतील. कंपनीचा घोळ म्हटलं की या मुलखात कोणी पुरावा मागत नाही. कडूबाही म्हणेल, मी म्हनलोच व्हतो. फोन आपल्याकडं राहील. साळूबाईकडून पैसे हळूहळू काढता येतील. तिनं ठरवलं, असंच करायचं. हलकं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही.

फाट्यावर उतरली तर आठव्या गाळ्यासमोर गर्दी. तिच्या आधी बातमी पोचली होती, आणि तीही अर्धवट. वसंताचा कोणी मित्र त्या ऑफिसात होता, त्यानं वसंताला कळवलं होतं की गिरणीचे पैसे हॉटेलच्या मीटरला जात होते. बस्स. बाकीचं ओळीनं आपापल्या अकलेनं जुळवलं होतं.

साळूबाई साठीची विधवा बाई, सगळ्या ओळीला चहा पाजणारी. ती हॉटेलच्या ओट्यावर उभी होती आणि प्रितम तिच्यासमोर हात नाचवत होता. 'चार महिने फुकटची लाइट जाळली हिनं. मला इचारायला आल्ती, माझं बिल किती आलं बघ म्हनून. मी फोनवर बघितलं तर बाकी काईच न्हाई. चारी महिने. तव्हाच म्हनलं, ही बोलत कामून न्हाई.'

'मला वाटलं योजना आली,' साळूबाई म्हणाली. 'इधवा बायांची योजना. कोनाला सांगितलं तर बंद पडती म्हनून न्हाई बोलले.'

'योजना,' प्रितम म्हणाला आणि दोघं-चौघं हसले. 'दुसऱ्याच्या पैशावर आपली योजना. वायर काय जुळवली का हिनं, कोनाला माहीत. पंचायतीत न्या हे.'

कडूबाही तिथं होता. त्यानं बेबीनंदाला बघितलं आणि तो गर्दीतून पुढं आला. 'मंग? कंपनीनं घोळ केला, का हिनं काई केलं?' दोन्हींपैकी काहीही म्हण, असा त्याचा चेहरा. दोन्हींत ती सुटत होती.

साळूबाईनं कमरेची चंची काढली आणि तिची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. बेबीनंदाला एकदम संताप आला. प्रितमचा आला, कंपनीचा आला, सनईचा आला, राधेश्यामच्या चश्म्याचा आला, पण सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. गाडीत बसून जे ठरवलं होतं ते तिला आता आठवायलासुद्धा नको वाटलं.

'मावशी, चंची ठिवा आत,' ती म्हणाली. 'तुमी काई केलेलं न्हाई. कंपनीनं बी न्हाई. चूक माझी हाय.'

प्रितमचा नाचणारा हात खाली आला.

'पयल्या बिलावरून नंबर मी वाचला. कुंकवाखाली तीन व्हता, मी आठ वाचला. पोरगी पुसून बघते म्हनली तर तिला मारलं. चार महिने मी मावशीचं बिल भरलं अन् माझं भरलं म्हनून तुमच्यापुढं मिरवलं. वायंडिंगवाल्याला पेढा दिला. अजून काई इचारायचं असंल तर इचारा.'

कोणीतरी फिसकन हसलं. मग प्रितम मोठ्यानं हसला, मग बाकीचे. बेबीनंदा लाल झाली, पण जागची हलली नाही. हसू ओसरल्यावर कडूबानं हात पुढं केला. तळवा वर. काल तो जे म्हणाला होता ते सगळ्यांच्या देखत वसूल करायला तो हात पुढं आला होता.

तिनं त्या हाताकडं बघितलं. फोन कमरेला पिशवीत होता. काढावा असं एक क्षण तिला खरोखरच वाटलं. दोन दिवस इतकी वणवण झाली होती, की कोणी म्हणालं दे, तर द्यावं आणि सुटावं.

'न्हाई देत,' ती म्हणाली. 'गलती माझ्या हातून झाली, ती शोधली बी मीच अन् भरून बी मीच आले. तुमी ऑफिसात गेले असते तर तिसऱ्या टेबलावरून परत आले असते, अन् आत्ता हितं कंपनीला शिव्या देत बसले असते. मला उद्यापासून दळत जा म्हनू नका. दळते मीच. बिल बी मीच भरनार.' मग साळूबाईकडं वळून म्हणाली, 'तुमचं-माझं आपन दोघी बघू. तुमचं जेवढं भरलं तेवढं फिटंपर्यंत माझी पुढची बिलं तुमच्या पैशानं भरू. हप्त्यानं. कोनाला मधी घ्यायचं काम न्हाई.'

साळूबाईनं चंचीची गाठ पुन्हा आवळली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि न विचारता चहा टाकला, सगळ्यांना. प्रितमनं कप घेतला तेव्हा तो तिच्याकडं बघत नव्हता. कडूबाचा हात अजून तसाच पुढं होता, त्यात साळूबाईनं कप दिला. तो त्यानं घेतला. पिऊन तो घराकडं निघाला. रात्री जेवताना भाकरी मागितली, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंता आला. पुन्हा पक्कड, पुन्हा यादी, पण आज चेहऱ्यावर ओशाळं हसू. बेबीनंदा आत मशीनमधली परवाची मिरची काढत होती, तिखटानं तिचे डोळे गळत होते. कडूबा पायरीवर बसला होता. वसंतानं वायर जोडली आणि एक कागद काढून त्याच्यापुढं धरला.

'भाऊ, जोडनी दिली म्हनून सही लागती. हितं करा.'

कडूबानं कागद घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि परत केला.

'तिची घे,' तो म्हणाला. 'बिल ती भरती.'